मालवाहू जोडगाडीची प्रमाणबद्ध प्रतिकृती : सहावी-सातवीसाठी एक कृतिपाठ



हस्तव्यवसायाच्या तासाला मुलांनी काही तरी वस्तू करावी आणि ती वर्षअखेरच्या प्रदर्शनात मांडावी, एवढ्यावर आपण पुष्कळदा समाधान मानतो. वस्तू देखणी असते, पण ती करताना मुलाने काय मोजले, काय ताडून पाहिले आणि कोठे विचार केला, असे विचारले तर उत्तर मिळतेच असे नाही. १९३७ साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने हाताच्या कामातून ज्ञान द्यावे हा विचार देशापुढे ठेवला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची योजना सांगितली आहे. विचार जुना आहे. उणीव असते ती वर्गात सहज करता येईल अशा उद्योगाची. म्हणून प्रस्तुत लेखात मोठ्या मालवाहू जोडगाडीची, म्हणजे आपण ज्याला ट्रेलर म्हणतो त्याची, प्रमाणबद्ध प्रतिकृती कशी करावी व तिच्यातून गणित, विज्ञान, भूगोल आणि मुख्यतः रस्त्यावरील सुरक्षितता कशी शिकवावी, याचे विवेचन केले आहे.

विषयाची निवड का?

गाव हमरस्त्यालगत असो वा आडवळणी, मालट्रक पाहिला नाही असे मूल सापडणार नाही. १९८९ साली रायगड जिल्ह्यातील न्हावाशेवा बंदर सुरू झाल्यापासून तेथे ये-जा करणारे कंटेनर लादलेले लांबलचक ट्रेलर हे महाराष्ट्राच्या महामार्गांवरील नित्याचे दृश्य झाले आहे. मुलांना या वाहनांचे मोठे आकर्षण असते. हे आकर्षण शिक्षणाकडे वळविणे आपल्या हाती आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. हे वाहन वळताना त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, आणि चालकाला आपल्या गाडीच्या अगदी जवळचे दिसत नाही. या दोन गोष्टी ठाऊक नसल्यामुळे पायी जाणाऱ्या वा सायकलवरच्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. नुसत्या उपदेशाने त्या मनावर ठसत नाहीत, प्रतिकृतीने ठसतात.

थोडी पूर्वपीठिका

जोडगाडीचे दोन भाग असतात. पुढे इंजिन व चालकाची खोली असलेली ओढगाडी. हिला आपल्याकडची चालकमंडळी ‘घोडा’ म्हणतात. मागे मालाची गाडी. तिला पुढच्या बाजूस चाकेच नसतात. तिचे पुढचे टोक घोड्याच्या पाठीवर टेकलेले असते. मुलांना हे समजावण्यास बैलगाडीसारखा दुसरा दाखला नाही. दोन चाकांच्या गाडीचा काही भार चाकांवर व काही जुवावाटे बैलांच्या मानेवर येतो. भार मागे झाला तर गाडी उलार होते, पुढे झाला तर मानेवर ओझे पडते. जोडगाडीचे तत्त्व हेच आहे.

ही युक्ती प्रचारात आणणाऱ्यांपैकी एक होता अमेरिकेतील डेट्रॉईट शहराचा ऑगस्ट फ्रूहाफ. तो धंद्याने लोहार व गाड्या बांधणारा कारागीर. १९१४ साली एका लाकूडव्यापाऱ्याला आपली नौका फोर्ड मोटारीमागे जोडून न्यावयाची होती. तिच्यासाठी फ्रूहाफने दोन चाकांची गाडी बांधली. व्यापाऱ्याने मग तशीच गाडी लाकूड वाहण्यासाठी मागितली, आणि त्यातून मोठा उद्योग उभा राहिला. पुढे माल्कम मॅक्लीन या मालवाहतूकदाराने गाडीवरची पेटीच मालासकट उचलून जहाजावर ठेवण्याची कल्पना अमलात आणली. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज अशा ५८ पेट्या घेऊन न्यूअर्क येथून ह्यूस्टनकडे निघाले. आजच्या कंटेनरवाहतुकीचा आरंभ या सफरीपासून मानतात.

अमेरिकेत अशा गाड्यांच्या प्रतिकृती बांधणे हा प्रौढांचाही आवडता छंद आहे. १९३९ साली स्थापन झालेल्या पीटरबिल्ट कंपनीचा लांब नाकाचा ‘३५९’ हा ट्रक १९६७ ते १९८७ या काळात तयार होत असे. एएमटी या कंपनीने त्याच्या सुट्या भागांचा प्लास्टिकचा संच १:२५ या प्रमाणात काढला आणि तो छंदिष्टांच्या पिढ्यांनी जोडला. ही मंडळी संच जसाच्या तसा जोडून थांबत नाहीत. कोणी सांगाडा कापून लांबवितो, कोणी चालकाच्या निजण्याची खोली वाढवितो, कोणी हवेच्या नळ्या व विजेच्या तारा एक-एक बसवितो, तर कोणी खडूची पूड चोळून गाडीवर प्रवासाची धूळ चढवितो. मात्र प्रत्येक बदलापूर्वी खऱ्या गाडीचे माप पाहावयाचे, हा त्यांचा दंडक असतो. आपल्याला त्यांचे प्लास्टिकचे संच नकोत. त्यांचा हा दंडक हवा.

अमेरिकेचा ट्रक लांब नाकाचा व आपला बहुधा चपट्या तोंडाचा का, हाही चर्चेस चांगला प्रश्न आहे. अमेरिकेत पूर्वी अनेक राज्यांत संपूर्ण गाडीच्या लांबीवर मर्यादा असे. म्हणून नाक आखूड करून मालाला जागा देणे सोयीचे होते. १९८२ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्गांसाठी एकूण लांबीऐवजी मागच्या गाडीच्या लांबीचा विचार होऊ लागला, आणि त्यानंतर तेथे लांब नाकाचे ट्रक बहुसंख्य झाले. युरोपात अशा जोडगाडीची एकूण लांबी सर्वसाधारणपणे १६.५ मीटरपर्यंतच चालते. म्हणून तेथे चपटे तोंड टिकून राहिले. वस्तूचा आकार नियमानेही ठरतो, हे मुलांना यावरून कळेल.

प्रमाण : १:२५

हे प्रमाण आपल्याला फारच सोयीचे आहे. १ मीटर म्हणजे १०० सेंटीमीटर. त्यास २५ ने भागले की ४ सेंटीमीटर. म्हणून खऱ्या गाडीचे मीटरमधील माप चारने गुणले की प्रतिकृतीचे सेंटीमीटरमधील माप मिळते. ही रीत आपण आयती सांगू नये. दोन-तीन मापे मुलांना भागाकाराने काढू द्यावीत. चौपटीचा नियम त्यांच्यापैकीच कोणी तरी शोधून काढील.

कंटेनरची मापे जगभर ठरलेली आहेत. वीस फुटी पेटीची लांबी ६.०५८ मीटर, रुंदी २.४३८ मीटर व नेहमीची उंची २.५९१ मीटर असते. चाळीस फुटी पेटी १२.१९२ मीटर लांब असते. प्रतिकृतीत ही मापे अनुक्रमे २४.२, ९.७५, १०.४ आणि ४८.८ सेंटीमीटर येतात.

येथे एक सुंदर उदाहरण आहे. दोन वीस फुटी पेट्यांची लांबी मिळून १२.११६ मीटर होते; म्हणजे चाळीस फुटीपेक्षा ७.६ सेंटीमीटर कमी. ही फट मुद्दाम ठेवलेली आहे. तिच्यामुळे दोन लहान पेट्या एका मोठ्या पेटीच्या जागेत अडचण न होता बसतात. प्रतिकृतीत ही फट जेमतेम ३ मिलिमीटर येते. वर्गाचे दोन गट करून प्रत्येकास एक-एक वीस फुटी पेटी करण्यास द्यावी व शेवटी दोन्ही पेट्या एकाच गाडीवर ठेवाव्यात. ज्या गटाने पुठ्ठ्याची जाडी हिशेबात धरली नाही, त्याची पेटी बसणार नाही. काम अचूक का असावे, हे शिक्षकाने सांगण्यापेक्षा ती पेटीच अधिक चांगले सांगते.

साहित्य

वह्यांची जुनी पुठ्ठी, खोक्यांचा जाड पुठ्ठा, बांबूच्या कामट्या किंवा लाकडी पट्ट्या, टाकाऊ रबरी चपला, सायकलीचे जुने स्पोक, खिळे, लाल व निळा दोरा, कणकेची खळ किंवा पांढरा गोंद, पट्टी, गुण्या, कंपास, कात्री. धारदार पात्याने करावयाचे काम शिक्षकाने स्वतः करावे किंवा आपल्या नजरेसमोर करवून घ्यावे.

कृतीच्या पायऱ्या

पहिली : निरीक्षण. गावात कोणाचा मालट्रक असल्यास मालकाच्या परवानगीने, तो उभा व इंजिन बंद असताना, शिक्षकांच्या उपस्थितीत मुलांनी टेप लावून त्याची मापे घ्यावीत. रस्त्यावरच्या गाडीजवळ या कामासाठी मुलांना मुळीच नेऊ नये. ट्रक उपलब्ध नसल्यास पुढील मापे वापरावीत.

दुसरी : आराखडा. मोठ्या कागदावर गाडीचे वरून, बाजूने व समोरून दिसणारे चित्र प्रतिकृतीच्याच मापाने काढावे. आराखडा पुरा झाल्याशिवाय कात्री हाती देऊ नये.

तिसरी : घोडा. सांगाड्याच्या दोन समांतर पट्ट्या प्रत्येकी २२ सेंटीमीटर लांब घ्याव्यात. पुढचा आस पुढच्या टोकापासून ५ सेंटीमीटरवर व मागचा त्याच्यामागे १४ सेंटीमीटरवर ठेवावा. पुढचा आस एका खिळ्यावर फिरता असावा. चालकाची खोली ८ सेंटीमीटर लांब, १० रुंद व ९ उंच करून पुढे बसवावी.

चौथी : चाके. मोठ्या ट्रकच्या चाकाचा व्यास सुमारे एक मीटर असतो. म्हणून चपलेच्या रबरातून ४ सेंटीमीटर व्यासाच्या चकत्या कापाव्यात. टाचेकडील रबर जाड असते, ते टाळावे. घोड्यास पुढे २ व मागे जोडीने ४, ट्रेलरच्या दोन आसांवर जोडीने ८, अशी एकूण १४ चाके लागतील. आसांसाठी सायकलीचे स्पोक उत्तम.

पाचवी : ट्रेलर. सांगाडा ४९ सेंटीमीटर लांब असावा. पुढच्या टोकापासून ४ सेंटीमीटरवर खाली निघेल असा खिळा बसवावा, आणि खिळ्यापासून ३२ सेंटीमीटरवर दोन आसांचा मध्य येईल अशी मागची चाके लावावीत.

सहावी : जोड. हा प्रतिकृतीचा प्राण होय. खऱ्या गाडीत ट्रेलरखाली ‘किंग पिन’ नावाचा पोलादी खुंटा असतो व घोड्याच्या पाठीवर मधोमध खाच असलेली जाड तबकडी असते. या तबकडीला ‘पाचवे चाक’ म्हणतात. चार चाकी घोडागाडीच्या पुढच्या आसावर वळण्यासाठी आडवी चकती असे. ती चार चाकांखेरीज पाचवी, म्हणून हे नाव चालत आले. नेहमीच्या किंग पिनचा व्यास ५०.८ मिलिमीटर असतो. पंचविसावा भाग केला की २ मिलिमीटर, म्हणजे आपला साधा खिळा! घोड्याच्या मागच्या आसाच्या बरोबर वर पुठ्ठ्याचे तीन-चार थर चिकटवून तबकडी करावी व तिच्या भोकात हा खिळा सैल बसवावा.

सातवी : तपशील. घोड्यापासून ट्रेलरपर्यंत एक लाल व एक निळा दोरा बांधावा. या ब्रेकच्या हवेच्या नळ्या होत. अमेरिकी पद्धतीत लाल नळीतून हवेचा पुरवठा होतो व निळीतून ब्रेक लावण्याचा इशारा जातो. लाल नळी तुटली तर ट्रेलरचे ब्रेक सुटत नाहीत, उलट आपोआप लागतात. बिघाड झाला तरी धोका कमी व्हावा अशी ही रचना आहे. विज्ञानाच्या तासाला ती अवश्य चर्चेला घ्यावी.

प्रयोग पहिला : वळण

जमिनीवर राखेचा पातळ थर पसरून त्यावर ४८ सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखावे. खऱ्या मापात ही त्रिज्या १२ मीटर होते. घोड्याच्या पुढच्या आसाच्या मध्याला व ट्रेलरच्या दोन आसांच्या मध्याला खाली टेकेल असे तारेचे एक-एक टोक बांधावे. आता पुढचा आस वर्तुळाच्या रेषेवरून सावकाश ओढत दोन फेरे पूर्ण करावेत. राखेत दोन वेगवेगळ्या रेघा उमटतील. मागची रेघ पुष्कळ आत सरकलेली असेल.

हे अंतर सातवीच्या मुलांना पायथागोरसच्या सिद्धांताने काढता येते. वर्तुळाचा मध्य ‘म’, घोड्याच्या पुढच्या आसाचा मध्य ‘अ’, मागच्या आसाचा ‘ब’ व ट्रेलरच्या आसांचा मध्य ‘क’ माना. चाके आपल्या आसाशी काटकोनात पुढे सरतात. म्हणून त्रिकोण मबअ मध्ये ‘ब’ येथे व त्रिकोण मकब मध्ये ‘क’ येथे काटकोन होतो. पहिल्या त्रिकोणात कर्ण ४८ व एक बाजू १४; म्हणून ‘मब’ चा वर्ग २३०४ − १९६ = २१०८. दुसऱ्या त्रिकोणात ‘मब’ हाच कर्ण व एक बाजू ३२; म्हणून ‘मक’ चा वर्ग २१०८ − १०२४ = १०८४, आणि ‘मक’ सुमारे ३२.९ सेंटीमीटर. ४८ मधून ३२.९ वजा जाता १५.१ सेंटीमीटर उरतात. राखेतील अंतर याच्या जवळपास यावे. त्यास २५ ने गुणले की सुमारे पावणेचार मीटर होतात.

पूर्ण वर्तुळाचे हे अंतर आहे. चौकातील पाव वळणात ते कमी भरते. तरी रस्त्याच्या कडेला उभे असलेले मूल सापडण्यास तेवढे पुरेसे असते. डावीकडे वळावयाचे असता मोठ्या गाडीचा चालक प्रथम थोडी उजवीकडे जागा घेतो. डावीकडे मोकळी जागा दिसते; सायकलवाला तीत शिरतो, आणि मागची चाके नेमकी त्याच जागेवरून जातात. वळणाच्या आत ५ सेंटीमीटर उंचीची बाहुली ठेवून हे दाखवावे. ५ सेंटीमीटर म्हणजे सव्वा मीटर, साधारण तिसरी-चौथीतले मूल. बाहुली चाकाखाली आडवी झाली की वर्गात जी शांतता पसरते, तीत बोलण्याची घाई करू नये.

प्रयोग दुसरा : चालकाची नजर

चालकाच्या डोळ्याची जागा जमिनीपासून १० सेंटीमीटर उंच धरावी. समोरच्या काचेची खालची कड ८ सेंटीमीटर उंच व डोळ्यापासून ३ सेंटीमीटर पुढे आहे असे उदाहरणादाखल माना. डोळ्यापासून कडेला लागून एक दोरा ताणून जमिनीपर्यंत न्यावा. दोऱ्याच्या खाली जे येईल, ते चालकाला त्या काचेतून दिसत नाही. या मापांनी दोरा कडेच्या पुढे १२ सेंटीमीटरवर जमिनीला टेकतो. म्हणजे तीन मीटरपर्यंतची जमीन अदृश्य. उभी बाहुली ४.५ सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे खऱ्या मापाने एक मीटराहून थोडे अधिक अंतरापर्यंत, पूर्ण झाकली जाते. चेंडू उचलण्यास वाकलेले मूल याहूनही दूरवर दिसेनासे होते. मुलांनी आपल्या प्रतिकृतीची मापे घेऊन हा हिशेब स्वतः करावा. हाच प्रयोग गाडीच्या मागे व डाव्या बाजूसही करावा. शेवटी एक नियम मुलांच्याच तोंडून यावा : चालकाचा चेहरा मला दिसत नसेल, तर मीही त्याला दिसत नाही असे समजावे. चेहरा दिसला तरी त्याने आपल्याला पाहिले असे मात्र गृहीत धरू नये.

इतर विषयांशी समवाय

घनफळ : वीस फुटी पेटी ज्वारीने भरून ती लिटरच्या मापाने मोजावी. सुमारे अडीच लिटर येतील. पुठ्ठ्याच्या जाडीमुळे थोडे कमी. खरी पेटी बाहेरून सुमारे ३८ घनमीटर असते. लांबी २५ पट, पृष्ठफळ ६२५ पट, तर घनफळ १५,६२५ पट, हा फरक येथे हाताला जाणवतो.

भूगोल : पेटीत काय भरले, ते कोठून आले व कोठे जाणार, याची मुलांनी मालाची यादी करावी. नकाशावर न्हावाशेव्यापर्यंतचा मार्ग रंगवावा.

भाषा व चित्रकला : येथे प्रत्येक गटास आपली गाडी आपल्या मनाप्रमाणे सजविण्याची पूर्ण मोकळीक द्यावी. आपल्याकडील ट्रकांची रंगीत चित्रे व मागील वाक्ये ही एक लोककलाच आहे. ‘हॉर्न ओके प्लीज’ हे शब्द विनाकारण भोंगा वाजविण्यास उत्तेजन देतात म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१५ साली व्यापारी वाहनांवर ते लिहिण्यास मनाई केली. त्याऐवजी काय लिहावे, हे मुलांना सुचवू द्यावे. वळणाचा प्रयोग ज्यांनी केला आहे, ती मुले काय लिहितील हे पाहण्यासारखे असते. चिखलासाठी गेरू व धुळीसाठी फळ्याखाली साचलेली खडूची पूड पुरेशी आहे.

मूल्यमापन

देखणेपणाला गुण कमी व मापाला अधिक द्यावेत. पुढील प्रश्न उपयोगी पडतील : (१) तुमच्या गाडीचे कोणतेही एक माप सांगा व खऱ्या गाडीचे माप त्यावरून काढा. (२) खिळा दोन सेंटीमीटर पुढे घेतला तर मागची चाके वळताना अधिक आत येतील की कमी? करून पाहा. (३) पेटीतील सर्व भार मागच्या टोकाला ठेवला तर घोड्याच्या मागच्या चाकांवर काय परिणाम होईल? (४) ट्रेलर वळत असताना तुम्ही कोठे उभे राहाल?

दोन सूचना

प्रदर्शन जवळ आले की प्रतिकृती शिक्षकाने रात्री बसून पुरी करावयाची, ही पद्धत टाळावी. वाकड्या चाकाची, पण मुलांनी मोजून केलेली गाडी आपल्या हातच्या सुबक गाडीहून मोलाची आहे. तसेच या कामात मुलगे कापतील व मुली रंगवतील अशी विभागणी करू नये; पट्टी, कात्री व दोरा प्रत्येकाच्या हाती यावा.

या पाठास सुमारे आठ-दहा तासिका पुरतात आणि खर्च जवळजवळ नाही. तयार झालेली गाडी कपाटात बंद न ठेवता पालकसभेत मांडावी, आणि राखेतला प्रयोग मुलांनीच पालकांना करून दाखवावा. त्या पालकांमध्ये ट्रक चालविणारे, उसाच्या ट्रॉल्या हाकणारे कोणी ना कोणी असतील. त्यांच्या अनुभवाची भर पाठात पडेल, आणि वळणावर मागे पाहण्याची आठवण त्यांनाही राहील. पुढच्या वर्षीच्या वर्गाने तीच गाडी पुन्हा मोजून तिच्यातील चुका शोधाव्यात व सुधाराव्यात. अशा रीतीने एक जोडगाडी शाळेला पुष्कळ वर्षे पुरेल.